ओव्हाळांची बिनछपराची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, बिनछपराची मोटार आहे. पुण्यात, बोपोडीत रेल्वे फाटकाच्या अलीकडे ओव्हाळांचे घर आहे आणि त्या घराला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे माझा मुक्काम असतो. रस्त्याने जाणारी मुले मला पाहून थांबतात आणि विचारतात, "ही फॉरेनची आहे का हो?" मी फॉरेनची नाही. मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, आणि जन्मले तेव्हा मला चांगले भक्कम छप्पर होते.

माझे पहिले मालक मांजरीजवळच्या साखर संशोधन संस्थेत कामाला होते. ते मला घोटाघोटाने पाणी पाजल्यासारखे जपून चालवत. माझ्या डिकीत उसाच्या नमुन्यांच्या मोळ्या असत आणि सबंध गाडीला गोडसर वास येई. बारा वर्षांनी साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि मी मांजरीच्या महिपतींकडे आले.

महिपती ऊस बागायतदार. त्यांना वरातीसाठी एक उघडी गाडी ठेवायची होती. त्यांनी मला हडपसरच्या एका गॅरेजात नेले. तिथे छपराचे चार खांब करवतीने कापले आणि माझे छप्पर दोघा माणसांनी टोपी काढावी तसे उचलून भिंतीला टेकवले. सरकारी पुस्तकात तशी नोंद झाली. मला त्या दिवशी पहिल्यांदा सगळे आकाश दिसले. मी इतकी हरखले होते, की आपले काय गेले याचा विचारही मनात आला नाही.

पुढची कितीतरी वर्षे मी मांजरीपासून लोणीपर्यंतच्या लग्नांत मिरवले. झेंडूच्या माळा, रंगीत दिवे, मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसवलेले नवरानवरी. अक्षता माझ्या फटीफटींत जाऊन बसत आणि पावसाळ्यात त्यांना कोंब फुटत. लोक म्हणत, "महिपतीच्या गाडीशिवाय वरात कसली!" बँडवाले जितके हळू चालत तितकी हळू मी चाले. त्या चालीला छप्पर असले काय आणि नसले काय, सारखेच होते.

मग काळ बदलला. देशात नव्या कंपन्यांच्या नव्या गाड्या आल्या. गुळगुळीत, लांबलचक, काचा चढवलेल्या आणि आतून थंडगार. नवरदेवांना त्याच आवडू लागल्या. माझी मागणी आधी कमी झाली, मग थांबली. महिपतींनी मला गोठ्याच्या कडेला उभे केले. तिथे एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर तीन वेळा पिल्ले काढली. ते दिवस अगदीच वाईट होते असे मी म्हणणार नाही, पण चाकांतली हवा गेली होती आणि दाराखालच्या पोकळीत माती, पाला आणि पाणी साठत चालले होते. वरून ते कुणाला दिसत नव्हते.

दोन हजार चार साली महिपतींच्या मळ्यावर घरांची मोठी स्कीम यायचे ठरले. गोठा पाडायचा होता. त्याच सुमारास महिपतींची मुलगी भाग्यश्री आपल्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला रविवारी जेवायला घेऊन आली. दोघी हिंजवडीला एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. ती मैत्रीण म्हणजे आम्रपाली ओव्हाळ. हात धुवायला ती गोठ्याकडे आली आणि मला पाहून तिथेच उभी राहिली. तिने माझे बॉनेट उघडले, आत वाकून पाहिले आणि जेवण वाढून झाले तरी ती आली नाही.

शेवटी महिपतीच बाहेर आले. "आवडली व्हय? मग घिऊन जा. सोमवारी बिल्डरची माणसं येत्यात. न्हाईतर भंगारातच जायाची हाय ती."

"काका, खरंच नेऊ?"

"ने की. फकस्त कोंबडी हाय आत, तेवढी ठिऊन जा."

अशी मी टेम्पोवर चढून मांजरीहून बोपोडीला आले.

आम्रपालीचे वडील रतन ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षे वेल्डर होते. दोनच महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले होते. कारखान्याचा भोंगा वाजला की ते अजूनही उठून उभे राहत, आणि मग आठवण होऊन पुन्हा बसत. करायला काही नसल्याने ते घरातल्या वस्तू दुरुस्त करत सुटले होते. त्यांची पत्नी कांताबाई घरी शिवणकाम करत. रतन रोज त्यांच्या कात्रीला धार लावत. "अहो, आता पुरे," कांताबाई म्हणाल्या होत्या, "धार लावून लावून अर्धी कात्री संपली."

टेम्पो दारात थांबला. रतन माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आले.

"हिचं छप्पर कुठंय?"

"नाहीये, पप्पा."

"मग आणलंस काय?"

"उरलेलं सगळं," आम्रपाली म्हणाली.

रतन हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा ते उठले ते पुन्हा बसले नाहीत. ते शेडमध्ये आले आणि माझे पहिले चाक खोलू लागले.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा चालू लागले. रतननी पत्रा ठोकून सरळ केला, वरच्या गंजावर घासून रंग दिला. निळा रंग कांताबाईंनी निवडला आणि का, ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. त्यांनी मला जाड ताडपत्रीचे एक उघडझाप करणारे हूड शिवायचेही कबूल केले. पण त्याआधी त्यांना एका ठिकाणी जायचे होते.

दर वर्षी वीस मार्चला कांताबाई महाडला जात. चवदार तळ्याला वंदन करायला बोपोडीहून एक टेम्पो निघे. त्यात माणसे इतकी दाटीने भरत, की जाता-येता उभेच राहावे लागे. लग्न झाल्यापासून त्यांची एकही वारी चुकली नव्हती. आता मात्र त्यांचा उजवा गुडघा सुजू लागला होता आणि डॉक्टरांनी तासन्‌तास उभे राहायला साफ मनाई केली होती.

"यंदा मी बसून जाणार," कांताबाई मला म्हणाल्या. खरे तर त्या माझ्या सीटचे माप घेत होत्या आणि शेडमध्ये दुसरे कुणी नव्हते. "पाय लांब करून, वारा खात."

मला फार आनंद झाला. पण मित्रांनो, माझे इंजिन थकलेले होते. भोरवरून वरंध घाट उतरून मी त्यांना महाडला नेले ते मोठ्या दिमाखात. तळ्याकाठी माझ्याभोवती लोक जमले. "जय भीम, ओव्हाळ, गाडी झकास केलीत," असे म्हणत कितीजण रतनना भेटून गेले. परत घाट चढताना मात्र तिसऱ्या वळणावर माझे पाणी उकळले आणि पाचव्या वळणावर मी थांबले. ओझे कमी व्हावे म्हणून सगळे उतरले. कांताबाई दुखऱ्या गुडघ्याने चढ चालू लागल्या. तेवढ्यात बोपोडीचा टेम्पो मागून आला. त्यातल्या एका गृहस्थांनी खाली वाकून शांतपणे विचारले, "ओव्हाळ, गाडी फिरायला आणलीत वाटतं? बरोबर आहे, तिलाही पाय मोकळे करायला हवेत."

टेम्पोतले सगळे हसले. शेवटी एका मालट्रकने मला दोर बांधून घाटमाथ्यावर ओढून नेले. तिथे रतन कांताबाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी ही स्वतःच्या ताकदीनं चढेल. माझा शब्द." कांताबाई गुडघा चोळत होत्या. 

शब्द दिला म्हणजे रतनना झोप येत नसे. खडकी बाजारात माऊली नावाचे एक मेकॅनिक होते. त्यांनी जुन्या बाजारातून एका नव्या जमान्याच्या गाडीचे इंजिन शोधून आणले. ती गाडी मागून चेपली होती, पुढचे इंजिन शाबूत होते. माझ्या जुन्या इंजिनाच्या दुप्पट त्याची ताकद. ते बसवताना माऊली म्हणाले, "इंजिनाचं मी बघतो. ब्रेकबी मोठं टाकतो. पर बॉडीचं तुमचं तुम्ही बघा. तुम्ही वेल्डर हाय."

"बॉडीला काय झालंय?" रतन म्हणाले.

माऊली पाना पुसत राहिले.

नवे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हाचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. छातीत कुणीतरी ढोल वाजवत आहे असे वाटले. आम्रपालीने पाय नुसता ठेवला की मी धावत सुटे. औंधच्या रस्त्यावर मी कंपनीच्या बसगाड्यांना मागे टाकले. पण वळणावर मला एक विचित्र कळ येई. माझे पुढचे अंग एकीकडे जाई आणि मागचे अंग मागाहून येई. काचेच्या चौकटीच्या बुडाशी कुरकुर होई. मी बोलू शकत नव्हते. जेवढे कुरकुरता येईल तेवढी कुरकुरत होते, आणि ते सगळे त्याला जुन्या गाडीची सवय समजत होते.

एका रविवारी आम्रपाली आईवडिलांना घेऊन बावधनकडे निघाली. कांताबाई पुढे, तिच्या शेजारी. रतन मागे. चांदणी चौकाचा चढ मी एका दमात चढले. वरच्या वळणावर खड्डा आला, आम्रपालीने त्याच क्षणी जोर दिला, आणि माझे अंग पिळले गेले. कांताबाईंच्या बाजूचे दार कुलपातून सुटून सताड उघडले.

त्यांचा एक पाय बाहेर लोंबला. मांडीवरचा डबा रस्त्यावर पडून घरंगळत गेला. रतननी मागून दोन्ही हातांनी त्यांना काखेत धरले आणि आम्रपालीने मला थांबवले. फार तर चार-पाच क्षण गेले असतील. मागून येणारा रिक्षावाला आमच्याकडे न पाहता डबा चुकवून निघून गेला.

कांताबाई खाली उतरल्या. पदर नीट केला, डबा उचलला आणि झाकण शोधून लावले.

"कांता," रतन म्हणाले.

"मी पीएमटीनं येते," त्या म्हणाल्या, आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

त्या दिवसानंतर कांताबाई शेडमध्ये आल्या नाहीत. माझ्या हुडाची ताडपत्री घडी करून त्यांनी कपाटावर ठेवून दिली, हे मला आम्रपालीच्या बोलण्यातून कळले. घरात भांडण झाले नाही. रतनना ते झाले असते तर बरे वाटले असते. ते रात्री जेवताना "भाजी चांगली झालीय" म्हणत आणि कांताबाई "हं" म्हणत. एवढेच.

आठ दिवसांनी बापलेक माझ्यापाशी बसले. आम्रपालीने माझ्या एका कोपऱ्याखाली जॅक लावून तेवढाच कोपरा वर उचलला. मग ती दाराच्या फटीकडे वाकली. "पप्पा, हे बघा." दाराच्या वर फट दोन बोटे रुंदावली होती आणि खाली दार पत्र्याला घासत होते. चार चाकांवर सरळ उभी असताना मी गाडीसारखी दिसत होते. एक कोपरा उचलला की ओल्या पुठ्ठ्यासारखी मुरगळत होते.

रतन घरात गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण लावून त्यांनी तो पिळायचा प्रयत्न केला. डबा हलला नाही. झाकण काढून पिळला, तर तो सहज वाकडा झाला.

"छप्पर नुसतं उन्हापावसासाठी नसतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "चारी बाजूंना ते बांधून ठेवतं. हिचं झाकण गेलंय आणि आपण आतली ताकद दुप्पट केली. माऊली मला सांगत होता. मी ऐकलं नाही."

"मग जुनं इंजिन परत बसवायचं?"

"मग घाट कोण चढणार?" रतन म्हणाले. "छप्पर वर नाही, तर ताकद खाली घालायची."

दोन्ही दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, माझ्या अंगात पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. घराला उंबरा तसा तो माझा उंबरा. बिनछपराच्या गाडीचा सगळा भार त्या दोन उंबऱ्यांवर असतो. रतननी ते कापून उघडले तेव्हा आतून मांजरीची माती पडली, गंजाचे पापुद्रे पडले आणि मूठभर तांदूळही पडले. बाहेरून निळ्या रंगाने चमकणारा पत्रा आतून चाळणीसारखा झाला होता. आम्रपालीने ऑफिसातून बरेच कागद छापून आणले होते. जगभरच्या लोकांनी आपल्या उघड्या गाड्या कशा भक्कम केल्या, त्याची चित्रे होती त्यांत. रतन चष्मा लावून ती चित्रे पाहत आणि "हे बरोबर आहे," "हा शहाणा आहे," "याला कारखान्यात घेतला नसता," असे शेरे मारत.

मग त्यांनी काम सुरू केले. माझ्या पुढच्या आणि मागच्या चाकांजवळ लोखंडी घोडे लावून मला उंच केले. उंबऱ्याच्या आत जाड पट्टी घातली. आणि वेल्डिंग केले, मित्रांनो, ते इतके सुंदर, की ओळीने लावलेल्या नाण्यांसारखे ते दिसत होते. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. चार दिवस रतन गुणगुणत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी दारे बसवली. डावे दार लागेना. उजवे लागले, पण खांद्याने ढकलल्यावर. त्यांनी बिजागऱ्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या, कुलूप सरकवले. डावे दार एक बोटभर खालीच राहिले.

"दारं वाकलीयेत," रतन म्हणाले.

"पप्पा, दारं तीच आहेत."

"मग मी छत्तीस वर्षं काय केलं?" त्यांचा आवाज चढला. रतननी हातमोजे काढले, वेल्डिंगच्या मशीनवर ठेवले आणि घरात निघून गेले. तीन दिवस शेडला कुलूप होते. चौथ्या दिवशी आम्रपाली ऑफिसला जाताना कुलूप काढून ठेवून गेली, पण रतन आले नाहीत. आत आल्या त्या कांताबाई.

किती दिवसांनी त्यांचे पाऊल वाजले होते. त्या माझ्या डाव्या दारापाशी उभ्या राहिल्या. दार लावून पाहिले, उघडून पाहिले. मग खाली वाकून रतननी केलेल्या त्या सुंदर शिवणीवरून बोट फिरवले. वाकताना त्यांनी गुडघा धरला होता. जरा वेळाने त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, इकडे या जरा."

रतन आले आणि दारातच थांबले.

"हे शिवताना गाडी कशावर ठेवली होती?"

"घोड्यांवर. पुढं आणि मागं."

"आणि मधे?"

"मधे काही नाही. मधे काय लागतंय?"

"मग मधे ती झोळीसारखी खाली आली असेल," कांताबाई म्हणाल्या. "तुम्ही ती तशीच शिवून टाकलीत. मी गिऱ्हाइकाला वाकवून उभं करते आणि ब्लाउज शिवते का? कापड आधी सपाट पसरायचं. मग टाचायचं, धावदोरा घालायचा, अंगाला लावून बघायचं. शिलाई सगळ्यात शेवटी."

रतन वाकून माझ्या पोटाखाली पाहू लागले. वेल्डर माणूस. टाके आधी आणि शिवण नंतर, हे त्यांनी कारखान्यात किती नव्या माणसांना शिकवले असेल. पण तिथे साचे तयार असत आणि वस्तू त्यात घट्ट धरलेली असे. इथे साचा नव्हता. धरायचे कसे, ते त्यांचे त्यांनाच ठरवायचे होते आणि शिवण सुंदर येण्याच्या नादात ते राहून गेले होते.

"उसवावं लागेल," ते म्हणाले.

"उसवा मग. मी रोज उसवते," कांताबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकाला गेल्या.

स्वतःच्या हातची शिवण कापताना मी रतनना पाहिले आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या. त्यांचा चेहरा मुखवट्याआड होता. पण दुपारी आम्रपालीचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईनं चूक काढली," आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी हसू ऐकू आले.

या वेळी सगळे हळू झाले. मला सहा ठिकाणी आधार दिले. गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणून चारही कोपरे एका पातळीत आणले. आधी दारे बसवली, त्यांच्या फटी चहूबाजूंनी सारख्या केल्या आणि दारे लावलेलीच ठेवली. ती हलू नयेत म्हणून आतून तात्पुरते पाइप जोडले. आम्रपाली सुट्टीच्या दिवशी शिवणकामाची टेप घेऊन माझ्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापे घेई. ती दोन्ही सारखी भरली तरच रतन पुढचा टाका मारत. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे. मग थांबायचे, पत्रा निवू द्यायचा, पुन्हा माप. उंबरे झाल्यावर माझ्या पोटाखाली फुलीच्या आकाराचा मजबूत सांगाडा बसला. मागच्या सीटच्या मागे आडवी पेटी आली. काचेच्या चौकटीची बुडे जाड पत्र्याने पुढच्या भिंतीशी बांधली गेली. माझे वजन वाढले, आणि त्याचे मला बरेच वाटले. कितीतरी वर्षांत मी अशी एकसंध उभी राहिले नव्हते.

शेवटचा पाइप काढला त्या दिवशी रतननी माझा एक कोपरा जॅकवर उचलला. मागचे चाक जमिनीपासून वीतभर वर आले. आम्रपालीने दाराला हात घातला. "तू नको," रतन म्हणाले आणि त्यांनी घरात हाक मारली.

कांताबाई हात पुसत आल्या. त्यांनी डावे दार उघडले. मग एका बोटाने लोटले. "टक्," असा आवाज झाला आणि ते लागले. त्यांनी पुन्हा उघडले, पुन्हा लोटले. टक्. मग त्यांनी ब्लाउजच्या काठाची एक पट्टी घेतली आणि दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली. ती कुठेही अडकली नाही आणि कुठेही सैल पडली नाही.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून "बरं आहे" ऐकायला गिऱ्हाइके सुना-लेकींना घेऊन येतात, हे रतनना ठाऊक होते. ते जॅकचा दांडा हातात धरून तसेच उभे राहिले आणि डोळे पुसायला त्यांना दुसरा हात सापडेना.

पण बसणार का, हे कांताबाईंनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. त्यांनी कपाटावरची ताडपत्री काढली एवढेच. हूड माझ्या अंगावरच टाचावे लागणार होते. मग रोज दुपारी त्या माझ्या सीटवर बसून दाभणाने टाचू लागल्या. आधी पाय बाहेर सोडून, दार उघडे ठेवून. नंतर दार लोटून घेऊन. शेवटी शेवटी तर काम नसतानाही भाजी निवडायला माझ्यातच येऊन बसू लागल्या. वीस मार्चच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एक उशी आणून पुढच्या सीटवर ठेवली. उजव्या गुडघ्याखाली घ्यायला. रतन ते खिडकीतून पाहत होते.

दोन हजार सहाची ती वीस मार्च. जाणे सोपेच होते. खरी परीक्षा परतीची. दुपारी वरंध घाट तापलेला होता. पहिले वळण, दुसरे, तिसरे. माझे पाणी शांत होते. पाचव्या वळणाच्या वर एक ट्रक बंद पडला होता आणि त्याच्यामागे ऐन चढावर गाड्यांची रांग थांबली होती. आमच्या पुढेच बोपोडीचा टेम्पो होता. रस्ता मोकळा झाला तसा टेम्पो सुरू झाला, गचका देऊन थांबला, मागे घसरू लागला. मागे मी होते. माझ्या एका बाजूला दरड होती आणि दुसऱ्या बाजूला कठडा.

"आम्रपाली, उजवीकडून काढ," रतन म्हणाले. "पूर्ण जोर दे."

तिने एकदा वडिलांकडे पाहिले आणि पाय दाबला. चढ, तीव्र वळण, अंगात दुप्पट ताकद, आणि डावे चाक एका खळग्यात. हाच तो क्षण होता, ज्या क्षणी मी आधी मुरगळले असते. ताकद चाकांपासून उंबऱ्यांत आली, उंबऱ्यांतून पोटाखालच्या फुलीत गेली, आणि मी सगळी मिळून एकदम पुढे झेपावले. कुठे कुरकुर नाही, कुठे कळ नाही. टेम्पोच्या बाजूने मी सुटले आणि वर जाऊन सपाट जागेवर थांबले. टेम्पोवाल्याने खालच्या खडकाला चाक टेकवून गाडी सावरली होती. कुणाला खरचटलेही नाही.

रतन मागच्या सीटवर पुढे वाकले होते. त्यांचे दोन्ही हात कांताबाईंच्या खांद्यांच्या बाजूला, धरायच्या तयारीत होते. कांताबाईंनी दाराच्या हँडलला हातसुद्धा लावलेला नव्हता. त्या संत्रे सोलत होत्या.

"हात काढा आता," त्या म्हणाल्या. "फोड घ्या."

मग आम्रपालीने डिकीतला दोर काढला. टेम्पोतल्या बायका आणि म्हातारी माणसे उतरली, दोर बांधला गेला, आणि मी तो टेम्पो पहिल्या गिअरवर, बैलाच्या संथ चालीने घाटमाथ्यावर ओढून आणला. माथ्यावर भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे सगळ्यांनी भजी खाल्ली आणि कुणी कुणाला टोमणा मारला नाही. निघताना कांताबाई ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या आणि आम्रपालीला म्हणाल्या, "पलीकडे सरक. भोरपर्यंत रस्ता सरळ आहे ना? मला दाखव कसं चालवतात ते."

आम्रपालीने वडिलांकडे पाहिले. रतननी नुसता हात पुढे करून उशी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. त्या संध्याकाळी वाटेतल्या धरणाच्या कडेने मी बैलगाडीच्या वेगाने चालले, दर दहा पावलांवर बंद पडले, आणि पन्नास वर्षांच्या कांताबाई प्रत्येक वेळी "थांब, मला करू दे," असे म्हणत राहिल्या. माझ्या आयुष्यात मी कित्येक वराती काढल्या, पण इतकी आनंदी वरात दुसरी झाली नाही.

त्याला आता बरीच वर्षे झाली. आम्रपाली मला कधी कधी हिंजवडीला नेते. कांताबाई मला मंडईत नेतात आणि पार्किंगवरून भांडतात. रतन थकले आहेत, तरी माझ्यासाठी एक काम ते कुणाला करू देत नाहीत. माझ्या उंबऱ्यांच्या तळाला त्यांनी पाणी निथळायला तीन-तीन भोके ठेवली आहेत. ती मातीने बुजली, की पाणी आत साठते आणि गंज पुन्हा आपले काम सुरू करतो. म्हणून पावसाळा संपला की ते चटई टाकून माझ्या शेजारी आडवे होतात आणि एका तारेने ती सहाही भोके मोकळी करतात.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी सायकल असेल, स्कूटर असेल, आजोबांची जुनी मोटार असेल. तिला रंग द्या, सजवा, जोरात पळवा, मला त्यातले सगळे आवडते. पण तिच्याकडून जास्त काम घेण्याआधी एकदा गुडघे टेकून खाली वाका आणि जिथे कुणी बघत नाही तिथे बघा. ती कुरकुरत असेल तर "जुनी आहे, कुरकुरणारच," असे म्हणू नका. आणि दुरुस्त करताना चुकलात, तर उसवायला लाजू नका. आमच्या रतननी उसवले, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.

आता निघते. कांताबाई किल्ली घेऊन येताना दिसत आहेत.